वरच्या भागाची सरासरी

या वेळी जेवताना फ्रीजची गोष्ट कोणी काढली नाही.

एरवी तिघं भावंडं एका टेबलाशी बसली की ती निघायचीच. सांगायचं काम धाकट्याचं. बंदरावर ट्रक आणि ट्रकवाले सांभाळता सांभाळता त्याची जीभ इतकी सैल झाली होती की साधा निरोपही तो रंगवून सांगे. ताईचं पाहणी पथक वरच्या भागात येणार म्हणून बाबांनी कामगार वस्तीला कसा रंग दिला, कारखान्याच्या जनरेटरवरून घराघरांत तारा कशा ओढल्या, आणि आपल्याच स्वयंपाकघरातला फ्रीज चौघांनी उचलून मुकादमाच्या घरी कसा नेऊन ठेवला, हे तो उभा राहून करून दाखवी. मग ताईची नक्कल. हातात कागद, शेजारी तिचे साहेब. "घरात फ्रीज आहे?" "आहे." "कधी घेतला?" आणि मुकादमाची बिचारी सरळमार्गी बायको म्हणते, "सकाळी."

इथे थोरल्याच्या बायकोला, वहिनीला, हसता हसता ठसका लागायचा. ताईसुद्धा हसायची. फ्रीजच्या दाराला तिनेच लहानपणी स्टूल आपटून पाडलेला पोचा होता. तो समोर दिसत असूनही तिने कागदावर 'आहे' असंच लिहिलं होतं. साहेबांसमोर ती काय सांगणार होती, हा फ्रीज माझ्या बापाचा आहे म्हणून?

बाबांच्या मनात त्या वेळी काडीचीही लबाडी नव्हती. लेक आपल्या साहेबांना घेऊन माहेरी येतेय, तिची मान खाली जाऊ नये, एवढंच. पाहुणे येणार म्हणून लोक चादरी बदलतात, बाबांनी आख्खी वस्ती बदलली. या घराचा तो स्वभावच होता. पोटात काही नसलं तरी चालेल, पण ओठावर मिशी पिळलेली हवी. आता त्या मिशीची किंमत मोजायची वेळ आली होती. पाहणीचा निकाल लागला आणि वरचा भाग मागास राहिलेला नाही असं ठरलं. महिनाअखेर वाहतुकीची सवलत बंद.

वहिनी भात वाढत होती आणि चौघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासऱ्यांनी तिला आधी भट्टी दाखवली होती आणि मग खोली. वाळू डोंगराच्या या अंगाला, बाकी सगळं त्या अंगाला, असं त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. काचेची इतकी स्वच्छ वाळू खाली कुठे मिळत नव्हती. पण नुसत्या वाळूची काच होत नाही. सोडा, भट्टीचं तेल, विटा, सगळं बंदरावर उतरायचं आणि खिंडीतून वर चढायचं. त्या चढाचा अर्धा भार सरकार उचलेल, असं वचन मिळालं म्हणून बाबांनी इथे भट्टी पेटवली. तेव्हापासून भिंती बांधण्यापुरती सोडली तर ती विझली नव्हती. तिच्या बाटल्यांवर हे घर जगलं आणि वस्तीही जगली.

"भट्टीची भिंत किती दिवस धरेल?" धाकट्याने विचारलं.

"पंखे लावलेत," थोरला ताटातून मान वर न करता म्हणाला. "बाहेरून वारा मारतोय. धरेल तितकी धरेल."

"दादा, सकाळी मी बघून आलो. विटा लाल दिसतायत बाहेरून."

"मग मला कशाला विचारतोस?"

वितळलेली काच आतून विटा खात असते. दर काही वर्षांनी भट्टी रिकामी करून भिंती नव्याने बांधाव्या लागतात. नाहीतर एक दिवस काच स्वतःच वाट काढते, आणि मग पुढे कोण उभं आहे ते ती बघत नाही. आजवर बाबांनी दोनदा भिंती बांधल्या होत्या. तिसऱ्यांदा बांधायच्या की भट्टी कायमची रिकामी करायची, हे आज या टेबलावर ठरायचं होतं.

"विटा येणार खालून," धाकटा म्हणाला. "सवलतीशिवाय आणल्या तर त्या चांदीच्या भावाने पडतील. बरं, आणल्या. बांधल्या भिंती. बाटली कोण घेणार? बंदरावरच्या कारखान्यांची बाटली आता खिंड चढून वर येते. माझ्याच गाड्यांतून येते, मी लपवत नाही."

"तुझ्या गाड्यांचे नंबर पाठ आहेत मला," थोरला म्हणाला.

"मी नाही आणली तर दुसरा आणेल."

"मी काही म्हटलं का?"

बाबा इतका वेळ पाण्याचा ग्लास नुसता हातात धरून बसले होते. तो ग्लास त्यांच्याच कारखान्यातला, थोडा तिरका. चांगले ग्लास विकायचे आणि तिरके घरात वापरायचे, हा इथला रिवाज होता. ते हळूच म्हणाले, "त्या रस्त्यासाठी मी किती हेलपाटे घातले रे. खिंड रुंद करा, वळणं काढा. किती दारं पुजली."

"हो ना," धाकट्याचा आवाज नरमला. "तुम्हाला वाटलं, रस्ता झाला की आपला माल खाली जाईल. तो खालचा माल घेऊन वर येईल, हे आपल्यातल्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही."

---

ताईने घास बाजूला सरकवला. घरात शिरल्यापासून ती ज्या वाक्याची जुळवाजुळव करत होती, ते तिने एकदाचं बोलून टाकलं.

"एक मार्ग आहे."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. धाकटा तिला चेष्टेने आकडेबाई म्हणायचा. पण आज आकडेबाईचा चेहरा आठ दिवस न झोपल्यासारखा दिसत होता.

"फेरतपासणी समिती बसणार आहे. आमची पाहणी चुकीची झाली असं सिद्ध झालं तर वरच्या भागाची पुन्हा पाहणी होईल, आणि तोवर सवलत चालू राहील. बाबांनी फक्त सांगायचं, की त्या दिवशी जे दाखवलं ते खरं नव्हतं. रंग, वीज, फ्रीज, सगळं. लेखी."

थोरल्याचा हात थांबला. "सवलत चालू राहील?"

"पुढचा निकाल येईपर्यंत. दोन वर्षं तरी."

"दोन वर्षांत भिंती होतात बांधून." तो उठून अर्धा उभा राहिला. "हे आधी का नाही बोललीस?"

"कारण तिला विचार," धाकटा म्हणाला, "तिचं काय होईल ते."

धाकट्यानेच सांगितलं. "फ्रीज कोणाचा आहे हे तिला माहीत होतं. माहीत असून तिने नोंद केली. बाबा खरं बोलले की हिची चौकशी लागली. चौकशी कसली, घरी पाठवतील. नवरा अंथरुणाला खिळलाय, दोन मुलं शिकतायत. सगळं घर हिच्या पगारावर चाललंय."

"मी बघून घेईन माझं," ताई म्हणाली.

"काय बघून घेशील?"

"ते माझं मी ठरवलंय. मला तेव्हाच बोलायला हवं होतं."

थोरला खाली बसला. तो वाईट माणूस नव्हता. बहिणीला ताप आला की खिंड उतरून औषध आणणारा हाच होता. पण त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर फक्त लाल झालेली भिंत होती, आणि तो म्हणाला, "ती स्वतः म्हणतेय तर..."

"लाज वाटते का?" धाकटा ओरडला.

"तुला काय जातंय बोलायला? तू खाली आहेस! तुझ्या दारात जहाज लागतं. नवीन धोरण येतं ते तुझ्या अंगणात येतं. शेड हवी, घे शेड. वीज हवी, घे वीज. ही सुद्धा खालीच. इथे राहायचं माझ्या वाट्याला आलं, आणि आता मी काही मागितलं की लाज काढता माझी?"

"भावजी, तुम्ही गप्प बसा," वहिनी म्हणाली. थोरल्याला वाटलं, चला, बायको तरी आपल्या बाजूची. ती पुढे म्हणाली, "आणि अहो, तुम्हीही. मला दोन वर्षं नकोत."

भाताचं पातेलं तिने टेबलावर इतक्या हळू ठेवलं की सगळे त्याच्याकडेच बघत राहिले.

"आपल्या चिऊला शाळेसाठी भावजींकडे ठेवली तेव्हा तुम्ही म्हणालात, वर शाळा होईल, मग आणू. झाली का शाळा? परवा फोनवर ती म्हणाली, आई, शनिवारी मी तुझ्याकडे येते आणि रविवारी घरी जाते." वहिनीचा आवाज चिरला. "घरी. म्हणजे भावजींकडे. पोरीचं काही चुकलं नाही. पण फोन ठेवल्यावर मी या स्वयंपाकघरात बसून किती रडले, तुम्हाला ठाऊक तरी आहे? तुम्ही भट्टीवर होतात. तुम्ही कायम भट्टीवरच असता. वन्संची नोकरी घालवून मला आणखी दोन वर्षं इथे बसवणार असाल, तर मी उद्या भावजींच्या ट्रकमध्ये बसून खाली जाईन. खरंच जाईन."

ताई उठून तिच्यापाशी गेली, पण वहिनीने तिला हाताने अडवलं. "नको. तुम्ही जवळ आलात तर मी मोठ्याने रडेन."

थोरला बायकोकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत या घरातली बाजू कोणाची कुठे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वहिनी त्याच्याकडे, धाकटा ताईकडे, बाबा भट्टीकडे. आज एका जेवणात सगळं उलटपालट झालं होतं.

बाबांनी ग्लास खाली ठेवला. "मी भट्टीवर जाऊन येतो," ते म्हणाले आणि काठी शोधू लागले. काठी त्यांच्या हातातच होती.

---

थोरला त्यांच्या मागोमाग गेला. बाबांना आता पायऱ्या नीट दिसत नाहीत, असं वहिनी रोज सांगायची. त्याला आज पहिल्यांदाच ते खरं वाटलं.

भट्टीच्या दारात पंख्यांचा गोंगाट होता, म्हणून बोलायचं तर ओरडावं लागे. बाबा ओरडले नाहीत. ते पंखे ओलांडून मागच्या बाजूला, बाटल्यांच्या खोक्यांपाशी जाऊन बसले.

"बाबा, एक सही," थोरला म्हणाला. "तुम्ही एवढे अर्ज केलेत आयुष्यात. हा एक."

"काय लिहू त्यात?"

"जे झालं ते. वस्ती मागास आहे, आम्ही ती दोन दिवस सजवली होती."

"त्या संध्याकाळी वस्तीत घराघरात दिवे होते," बाबा म्हणाले. "पोरं दाराबाहेर नाचत होती. मी इथूनच बघत होतो. ते खोटं होतं म्हणून कसं लिहू?"

"दुसऱ्या दिवशी तारा आपणच काढल्या, बाबा. मीच काढल्या."

बाबांनी मान हलवली. ते त्यांना आठवत होतं. आठवायचं नव्हतं, एवढंच.

"सायबांपुढे मी कधीच मागास आहे म्हणालो नाही," ते म्हणाले. "माणसं मागास नाहीत, चढ मोठा आहे, एवढंच म्हणत आलो. त्यांना ते पटायचं नाही. त्यांच्या कागदात चढाला रकाना नसतो. पण तू म्हणतोस तर मी मिशी उतरवीन. त्याचं काही वाटत नाही आता. पोरीचं वाटतं."

"आणि माझं?"

हे त्याने मोठ्याने विचारलं नाही. पंख्यांच्या आवाजातही ते बाबांना नीट ऐकू आलं.

"तिची नोकरी गेली तर तुम्हाला झोप लागणार नाही," थोरला म्हणाला. "धाकट्याच्या गाडीला खिंडीत उशीर झाला तर तुम्ही दारात येऊन उभे राहता. मी कारखान्याच्या यंत्रासारखा. चालू आहे, म्हणजे बघायला नको. ते दोघं गेले, बाबा. मी गेलो नाही. मला पण बंदरावर काम मिळत होतं. तुम्ही म्हणालात, वाळू इथे आहे. मी थांबलो. आता दोघांतल्या एकालाच वाचवता येतंय, तर तुम्ही तिला वाचवताय."

"हो," बाबा म्हणाले.

त्याला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. निदान समजूत तरी घालतील.

"तिचा पगार चालू राहील. भट्टी काही राहणार नाही," बाबा म्हणाले. "दोन वर्षांनी पुन्हा कोणी येईल, पुन्हा मोजेल. सवलत द्यायची, काढायची, हे खाली बसून ठरतं. आपण खिंड जिंकली असं मला वाटायचं. कोणीतरी आपल्याला हात देऊन वर धरलं होतं, आणि मी म्हणत होतो की मी उभा आहे. भिंती नव्या करून तुला आणखी अडकवू? तुझं चुकलं काहीच नाही. तू थांबलास म्हणून मला तुझी काळजी करावी लागली नाही. ती करायला हवी होती."

बापाच्या तोंडून असं काही ऐकण्यासाठी थोरल्याने कदाचित सगळं तारुण्य वाट बघितली असेल. पण ते आलं ते भट्टीच्या बदल्यात आलं.

"दोन वर्षं पुरली असती मला," तो म्हणाला.

"कशाला?"

"माहीत नाही. पण ती माझी असती."

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कधी ठेवायची सवय नसल्यामुळे तो हात तिथे अवघडून राहिला.

---

जो भट्टी पेटवतो तोच ती रिकामी करतो, हा काच कामगारांचा नेम होता. सकाळी सगळी वस्ती कारखान्यात जमली. तळाशी एक वीट मुद्दाम सैल बसवलेली असते. ती लांब सळईने आत ठोकली की काच बाहेर पडते आणि समोरच्या पाण्याच्या चरात कोसळते. चर भरून ठेवला होता. बाबांच्या हातात सळई दिली. त्यांनी एक घाव घातला, तो विटेवर लागलाच नाही. दुसरा घाव घालताना सळई हातातून निसटली. मुकादम पुढे व्हायला लागला, तेव्हा थोरल्याने त्याला मागे सारलं.

"द्या इकडे, बाबा."

"तू नको."

"द्या."

त्याने तीन घावांत वीट पाडली. आधी काही झालं नाही. मग तळातून नारिंगी, दाट, जाड धार बाहेर आली आणि पाण्यात पडताच कडकड आवाज करत तिचे तुकडे झाले. वाफेने सगळे मागे सरले. मुकादमाची बायको रडायला लागली, तिच्यामागून दुसऱ्या बायका. धाकटा फाटकाशी ट्रक उभे करून आला होता. एरवी कुठल्याही प्रसंगावर टिप्पणी करणारा तो माणूस भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होता. यंत्रं न्यायला आलेल्या त्याच्या गाड्या या वेळी रिकाम्या वर आल्या होत्या आणि भरून खाली जाणार होत्या.

काच दुपारपर्यंत वाहत राहिली. वहिनीने बाबांना घरात नेलं. ती एकदाही खूश दिसली नाही. हवं ते मिळूनही तिला त्यात गोडी वाटेना, आणि नवऱ्याकडे बघायचं धाडसही होईना.

ताई थोरल्याच्या शेजारी खोक्यावर येऊन बसली. समोर चरात हिरवट चुऱ्याचा ढीग साठत चालला होता.

"मी लिहून आणलं होतं," ती म्हणाली. "माझा कबुलीजबाब. अजून पर्समध्ये आहे."

"फाडून टाक."

"दादा, मला माफ कर."

"तू काय केलंस? बापाची अब्रू राखलीस. आमच्या घरात दुसरं कोणी असतं तरी तेच केलं असतं." त्याने चराकडे बघितलं. "मीच काल चुकलो. तू उडी मारायला निघालीस आणि मी म्हटलं, मार."

ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मारली असती मी."

"ठाऊक आहे."

धार बारीक झाली होती. पंखे आता उगाचच फिरत होते. मुकादमाने ते एकेक करून बंद केले, आणि शेवटचा बंद झाल्यावर इतकी शांतता पडली की वस्तीतलं कोणाचं तरी भांडं पडलेलं इथवर ऐकू आलं.

"आम्ही चाललो," थोरला म्हणाला. "आमच्या मागोमाग वस्तीही जाईल, धाकट्याने बंदरावर कामाचं बघितलंय बऱ्याच जणांसाठी. मग पुढच्या पाहणीत हा भाग पुन्हा मागास ठरेल ना? निदान पुढे कोणी भट्टी घालणारा आला तर त्याला तरी सवलत मिळेल."

ताईला वाटलं, हो म्हणून टाकावं. एक शब्द बोलायचा होता. पण या घरात एकदा लिहिलेल्या 'आहे'चं काय झालं ते समोर चरात पडलेलं होतं.

"नाही, दादा."

"का?"

"बंद घरं पाहणीत धरत नाहीत. दाराला कुलूप दिसलं की पुढच्या घरी जायचं, असा नियम आहे. मागे कोण राहील? शाळा आली तर एखादा मास्तर, चौकीवरचे शिपाई, खिंडीतल्या पेट्रोल पंपावरची माणसं. सगळी पगारदार." तिचा आवाज खाली आला. "सरासरी वाढेल. खालच्या भागाच्या बरोबरीला येईल कदाचित."

थोरल्याने हे नीट ऐकून घेतलं. मग त्याने बाहीने तोंड पुसलं, घाम होता की काय होतं ते ताईला कळलं नाही.

"म्हणजे सरासरीच्या आड आपणच येत होतो," तो म्हणाला.

ताईने त्याचा हात हातात घेतला आणि त्याने तो काढून घेतला नाही.